मोराच्या खांबाला कडी नव्हती

भागीरथी,

तुला नावाने हाक मारतो आहे ती तू गेल्यावर. माझी लाज इथूनच सुरू होते. सगळा संसार मी तुला ‘अवं’ म्हणालो, ‘ऐकलं का’ म्हणालो, आणि रागात असलो की ‘कुठी मेली’ म्हणून ओरडलो. ते आता आठवलं की जीभ झडावी असं वाटतं. तुझं नाव घेतलं ते एकदाच, लग्न होऊन घरी आलो तेव्हा, बहिणींनी दार अडवलं म्हणून, तेही उखाण्यात गुंडाळून. तू माझं नाव कधीच घेतलं नाहीस. अलीकडे मात्र ‘शेट’ म्हणायला लागली होतीस. ते कौतुकाने म्हणायचीस की टोमण्याने, हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तराची भीती होती.

दुकान बंद आहे. मागच्या खोलीत, तू गेलीस त्या जागी, पिठावर दिवा ठेवला आहे. आपली सगुणा अकोल्याहून, सासरहून आली आहे. ती दिव्याजवळून उठत नाही. मी बाहेर नव्या पायऱ्यांवर उभा असतो. मयतीच्या घरी माणसं ‘बसायला’ येतात, पण आपल्याकडे बसायला जागाच उरली नाही. जुना ओटा असता तर सगळी ओळीने टेकली असती. कोणी तंबाखू मळली असती, कोणी तुझी एखादी गोष्ट काढली असती, आणि रडता रडता हसूही आलं असतं. आता येणारा माणूस रस्त्यात उभा राहतो. पायरीवर पाय ठेवावा की नाही, हे त्याला कळत नाही. थोडा वेळ मान खाली घालतो, आणि मग त्याची नजर हळूहळू खांबावर चढते. ‘वाईट झालं शेट, लय वाईट झालं,’ म्हणतो, आणि न राहवून विचारतो, ‘खांबाचा मिस्त्री अकोल्याहून आनला का जी?’

मी हो म्हणतो. दुसरं काय म्हणू? त्यांचा दोष नाही. अमरावतीच्या परकोटाच्या आत असं दर्शनी दुकान आपल्या धंद्यात कोणाचंच नाही, आणि लोकांनी थांबून वर पाहावं म्हणूनच तर मी ते बांधलं. आता ते पाहतात, आणि मला जमिनीत तोंड लपवावंसं वाटतं.

आपलं दुकान बैलांच्या साजाचं. घुंगरमाळा, गोंडे, झुली, वेसणी, कासरे. माझ्या बापाने तो ओटा बांधला होता मातीचा, गुडघ्याला लागेल एवढाच उंच. पुढच्या खांबाला लोखंडाची कडी. शेतकऱ्याने बैल आणायचा, कासरा कडीत अडकवायचा आणि ओट्यावर टेकायचं. बैलाची मान बरोबर ओट्यावर यायची. तू बसल्या जागेवरून हात वर करून त्याच्या गळ्यात माळ घालायचीस. नवा बैल बुजला तर त्याच्या गळ्याखाली खाजवत त्याच्याशीच बोलायचीस, मालकाकडे पाहायचीसुद्धा नाहीस. पदराच्या गाठीत गुळाचा खडा असायचा. माळ पटली की तो बैलाच्या तोंडात जायचा, ‘नव्या माळीचं तोंड गोड’ म्हणून. सगळ्या वऱ्हाडातले बैल तुझ्या पदराला ओळखत होते, आणि तुझा एकही पदर धड नव्हता. सगळे चघळलेले.

बैलाच्या गळ्यात ऐकल्याशिवाय तू माळ विकली नाहीस. ‘कोपऱ्यावरच्या विहिरीवरून फिरवून आना,’ असं सांगायचीस, आणि बैल चालायला लागला की डोळे मिटून सुपारी चघळत बसायचीस. मग एकदम, ‘उजव्याचा एक घुंगरू बोबडा हाय. आना इकडं.’ शेतकरी चाट पडायचे. मी मात्र तुझा नवरा, मला माहीत होतं की तुझंही चुकायचं. नांदगाव पेठेचा तो माणूस तावातावाने परत आला होता आठवतं? तू घातलेली माळ ढिली होऊन बैलाच्या गुडघ्यावर आपटत होती. तू जागची हललीसुद्धा नाहीस. त्याला म्हणालीस, ‘माळ तेवढीच हाय. तुमी बैलाले चारा घालून नाई राह्यले, तो वाळला.’ तो बिचारा खाली मान घालून गेला. तो वळला आणि तू तोंडाला पदर लावून मला म्हणालीस, ‘चुकलंच माह्यं.’ नंतर त्याला निरोप धाडून माळ नीट करून दिलीस, पण कबूल काही केलं नाहीस.

आणि आपलं ते भांडण. मी म्हणायचो, जोडीच्या दोन्ही माळा एकसारख्या वाजल्या पाहिजेत. तू म्हणायचीस, एक जरा खाली, एक जरा वर, नाहीतर जोडी चालून राहिली की एकच बैल चालून राहिला, हे मालकाला अंधारात कळणार कसं? ‘तुमाले सारखं लागते सगळं,’ असं म्हणायचीस. हे भांडण लग्नाच्या वर्षापासून चाललं आणि मिटलंच नाही. खरं सांगू का, तुझं म्हणणं मला फार पूर्वीच पटलं होतं. भांडण संपलं तर तुझ्याशी दुपारी बोलायचं काय, म्हणून ताणून धरलं.

मग तिकडे साता समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई लागली, आणि इकडे आपल्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. विलायतेला कापूस पाहिजे, तो आता वऱ्हाडातून जाणार, एवढंच आपल्याला कळलं. पहाटेपासून गाड्यांची रांग वेशीच्या बाहेर लागायची. ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती तो बैलाच्या शिंगांना चांदीच्या टोप्या मागायला लागला. लोक उशीगादी उसवून आतला कापूस विकत होते. तू हसून हसून बेजार व्हायचीस. ‘आता मानूस दगडावर झोपते अन् बैल चांदी घालते,’ म्हणायचीस. आपल्या हातातही पैसा खेळायला लागला. लोकांनी मला ‘शेट, शेट’ करत हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मीही टुणकन चढलो.

अकोल्याला सगुणाकडे गेलो होतो तेव्हा मोर्णा नदीच्या अलीकडे एका कापूस दलालाची पेढी पाहिली. तीन दगडी पायऱ्या, सागाचे कोरीव खांब, वर कमान, कमानीत रंगीत काचा. आत पांढरीशुभ्र गादी. माणसं पायरीखाली जोडे काढून, आवाज खाली करून आत जात होती. मी रस्त्याच्या पलीकडे किती वेळ उभा होतो कोण जाणे. जावई शोधत आला. परत येताना सगळ्या वाटेने मी मनातल्या मनात आपल्या दुकानाला ते खांब लावून पाहत होतो.

त्याच आठवड्यात मुंबईच्या व्यापाऱ्याचा तो माणूस आपल्याकडे आला. काळा अंगरखा, हातात छत्री. त्याला गाडीच्या बैलांसाठी भारी झुली हव्या होत्या. मी छाती काढून बोलत होतो, आणि तू समोर रस्त्यात एका खोंडाला वेसण घालत होतीस. पदर खोचलेला, कोपरापर्यंत खोंडाची लाळ. तिथूनच भर रस्त्यात तू मला म्हणालीस, ‘अवं शेट, मिशीले चटनी लागली हाय, पुसा अगुदर.’ सगळी पेठ हसली. तो पाहुणाही हसला. चटणी खरंच लागली होती.

मी पुसली, हसल्यासारखंही केलं. पण त्या दिवशी मला तुझी लाज वाटली, भागीरथी. लाळेने भरलेल्या तुझ्या हातांची, तुझ्या मोठ्या आवाजाची, आपल्या ‘ले’ न् ‘हाय’च्या बोलीची. ज्या हातांनी मला माणसात ठेवलं त्याच हातांची. हे मी तुला बोलून दाखवलं नाही. त्याऐवजी दुकान पाडायला काढलं.

ओट्यासमोर जमीन सारवून मी कोळशाने आखणी केली. इथे पायऱ्या, इथे खांब, इथे गादी, मागे जाळी, जाळीमागे खोली. तू अर्धा वळलेला गोंडा हातात घेऊन पाहत उभी राहिलीस. तुला दिसायला छान वाटलं होतं, हे मला आठवतं. कमान पाहून म्हणालीस, ‘देवळावानी दिसन.’ मग रेघांवरून चालत चालत पायरीपाशी थांबलीस.

‘बैल कुठून येईन?’

‘बैल कायले येईन? मालक येईन, माळ घेईन, जाईन.’

‘अन् बैलाले नाई पटली त?’

‘बैलाले काय पटते न् काय नाई. पैसे मालक देते.’

‘घालाची त्याच्या गळ्यात हाय ना,’ तू म्हणालीस. ‘तुमच्या नाई.’

मी चिडलो. बाईमाणसाला काय कळतं, वगैरे जे नवरे म्हणतात ते सगळं म्हणालो. तू गोंडा वळत आत गेलीस.

खांब कोरायला मी अकोल्याचे करीम मिस्त्री आणले. म्हातारा माणूस, सुताच्या दोरीला गाठी मारून मापं घ्यायचा. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘सेठजी, बैठनेवाला कोन? कमान बैठनेवाले के हिसाब से लगती.’

‘मी,’ मी म्हणालो.

‘और भाभी? वो तो हमेशा सामने बैठती ना?’

‘ती आत बसणार.’

त्याने दोरी परत हातात घेतली. गाठ सोडली, माझ्या उंचीची दुसरी मारली. तू दारात होतीस. तू त्याला पाणी दिलंस आणि म्हणालीस, ‘मिस्त्री, त्या खांबाले एक कडी ठेवजा. बाकी कराचं ते करा.’

त्याच खांबावर मी मोर कोरायला सांगितला होता. पिसारा फुलवलेला, रुंद छातीचा. कडी बसली असती ती नेमकी मोराच्या छातीत. मी म्हणालो, मोराच्या छातीत लोखंड ठोकणार का? तू म्हणालीस, ‘मोर काय गिऱ्हाईक हाय?’ मिस्त्री हसला. त्याच्यासमोर हसू झालं म्हणून मी हट्टाला पेटलो. कडी होणार नाही म्हणजे नाही. नव्या दुकानात बैल दारात हगणार नाही, आणि मोठ्या घरच्या बायका समोर बसत नाहीत, असंही बोलून गेलो.

‘आपन मोठे कधी झालो?’ तू विचारलंस. ‘मले त कोनी सांगतलं नाई.’

नंतर तू तो विषय परत काढला नाहीस. तुझा स्वभाव भांडायचा. तू भांडली नाहीस तेव्हाच मला समजायला हवं होतं. मला वाटलं, जिंकलो.

धंदा बुडाला असता तर बरं झालं असतं. निदान दुकान तुझ्या बाजूने बोललं असतं. पण तो बुडाला नाही, उलट चांदीचा माल जास्त खपला. शेतकरी रस्त्यापलीकडे गाडी सोडायचे, पायरीखाली जोडे काढायचे, हळू आवाजात माळ मागायचे आणि न ऐकताच घेऊन जायचे. तू जाळीमागे बसून गोंडे वळायचीस. आतून विचारायचीस, ‘कोन आलं?’ मी म्हणायचो, ‘गिऱ्हाईक.’ तू विचारायचीस, ‘कोनाचे बैल?’ आणि मला सांगता यायचं नाही. पूर्वी नुसता रस्त्यावर आवाज आला की तू मान वर न करता म्हणायचीस, ‘वलगावचा गणाजी आला,’ आणि तो आलेला असायचा.

हे सगळं लिहिताना मला सारखी कौंडण्यपूरची जत्रा आठवते. ती कापसाच्या फार आधीची गोष्ट, घरात दोन वेळचं कसंबसं भागत होतं तेव्हाची. पालं टाकायला चांगली जागा आपल्याला मिळाली नाही. माझं तोंड उतरलं. तू सगळ्या माळा खांद्यावर घेतल्यास आणि वर्धेच्या काठावरच्या एका बाभळीच्या फांदीवर ओळीने टांगल्यास. दुपारचं वारं सुटलं. सगळी फांदी वाजायला लागली. देवळाकडे निघालेले लोक पायवाट सोडून आपल्याकडे वळले, आणि त्यांच्यामागे त्यांचे बैलही. संध्याकाळपर्यंत एक माळ उरली नाही. तू पदराने घाम पुसत म्हणालीस, ‘रुक्मिणीच्या माहेरी रिकाम्या हातानं कोनी जात नाई.’ एक फांदी, एवढंच तुझं दुकान होतं. आणि मी मात्र खांब कोरत बसलो. त्या फांदीखाली मी तुझ्याकडे पाहिलं तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. तेही तुला सांगितलं नाही. बायकोचं कौतुक तोंडावर केलं तर ती डोक्यावर बसते, असं बाप म्हणायचा.

यंदाचा पोळा नव्या दुकानातला पहिला. पूर्वी वेशीतल्या पोळ्याच्या तोरणाला जायच्या आधी जोड्या आपल्या दारात यायच्या. तू त्यांना कुंकू लावायचीस, गूळ द्यायचीस. या वर्षी बैल समोरून नुसते जात होते. मी नवं पागोटं बांधून सगळ्यांत वरच्या पायरीवर उभा होतो. लोक रामराम घालत होते, मी मान हलवत होतो. मागे जाळीपाशी तू होतीस. तुला बाहेरचं दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तू एकेक ओळखत होतीस, आणि लेकरासारखी मोठ्याने सांगत होतीस. ‘हे गणाजीचे. हे वेशीजवळच्या मोकाशाचे. अन् हा नांदगाव पेठेचा पाहा, माळ गुडघ्यावर आपटते अजून. वाळलाच वाटते बैल.’ आणि खदखदून हसलीस.

खाली कोणीतरी मोठा माणूस उभा होता. मी मागे न पाहता हाताने ‘हळू’ अशी खूण केली.

तू गप्प झालीस. समोरून जोड्या जात राहिल्या, एवढा आवाज, आणि जाळीमागून एक शब्द नाही. लोक विचारतात, तुमाले काय सलून राह्यलं शेट, बोलून टाका. काय बोलू? मी तिला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, सोन्याच्या पाटल्या केल्या. फक्त हात असा मागे करून एकदा हलवला. यात सांगण्यासारखं काय आहे? पण त्याच हाताने आता मी तोंडात घास घालतो आणि तो गिळवत नाही.

मग तुला ताप धरला. वैद्य झाले, काढे झाले. ते काही इथे लिहीत नाही. एक दुपार तेवढी लिहितो. कोणीतरी जोडीसाठी माळा सांगून गेला होता, आणि तू पडल्या पडल्या विचारलंस, ‘जुळवल्या का?’ मी म्हणालो, जुळवल्या. ‘बैल आनला होता?’ मी काढ्याची वाटी उचलून ठेवली. मग म्हणालीस, ‘बरं, वाजवून त दाखवा.’ मी दोन्ही हातांत एकेक माळ धरून तुझ्या बाजेपाशी उभा राहिलो आणि हलवल्या. तू डोळे मिटलेस. मी हलवत राहिलो. नवं पागोटं घातलेला शेट, दोन हातांत बैलाच्या माळा घेऊन खोलीत उभा.

‘तुमच्या हातानं बैल चालते का?’ तू म्हणालीस. ‘चालून दाखवा.’

आणि मी चाललो. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तू डोळे मिटूनच हसलीस. म्हणालीस, ‘डावी जरा वर हाय. राहू द्या तशीच. तशीच पायजे.’ त्या वेळी माझ्या अगदी ओठावर आलं होतं की उठ, बरी हो, खांबाला कडी बसवतो, मोर गेला खड्ड्यात. पण म्हटलं, ही बरी झाली की सांगू. आत्ता सांगितलं तर हिला वाटेल, आपलं काही खरं नाही, म्हणून हा ऐकून राहिला. हा माझा हिशेब. तू त्याच्यासाठी थांबली नाहीस.

काल सकाळी गणाजी आला.

मी पायरीवर उभा होतो. तो अगदी समोर येऊन थांबेपर्यंत मला कळलं नाही. त्याच्या हातात जोडीचा कासरा होता. तेच पांढरे बैल, गळ्यात तू घातलेल्या माळा, पितळ घासून लखलखीत, आणि आवाज मुळीच नाही. दोन्ही बैलांनी मान हलवली तरी काही वाजलं नाही. मला वाटलं माझेच कान गेले.

मग जवळून पाहिलं. प्रत्येक घुंगराच्या तोंडात कापूस कोंबला होता.

‘काढून ठेवावं मनलं,’ गणाजी म्हणाला. घरात मयत झाली की बैलाच्या माळा काढायची आपल्याकडे रीत, पण ती आपल्या घरच्या माणसासाठी. ‘पण वयनीच्या हातच्या माळा, त्या काढाव कशा? म्हून कापूस घातला.’

ज्या कापसासाठी लोकांनी गाद्या उसवल्या, ज्याच्या जोरावर मी हे खांब उभे केले, तो कापूस त्याने तुझ्यासाठी मूठ मूठ घुंगरांत घातला होता. आणि तसाच वलगावहून चालत आला होता.

बैल मात्र थेट पुढे आले. त्यांना वळवावं लागलं नाही. जुना ओटा जिथे होता तिथे येऊन, पहिल्या पायरीला गुडघे टेकतील इतके जवळ येऊन थांबले, आणि डाव्याने मान लांब केली. तू माळ घालायचीस तेव्हा करायचा तशी.

गणाजीने इकडे तिकडे पाहिलं. खांबाकडे पाहिलं, मोराकडे पाहिलं.

‘शेट, बैल कुठी बांधू?’

एवढंच त्याने विचारलं. साधं विचारलं, बांधायला जागा दिसली नाही म्हणून. मी पायऱ्या उतरून खाली आलो आणि हात पुढे केला.

‘द्या इकडं.’

‘धरता? बरं झालं. मी वयनीच्या दिव्यापाशी बसून येतो जरा.’ त्याने कासरा माझ्या हातात दिला, जोडे काढले, आणि पायऱ्या चढून आत गेला.

मी भर पेठेत बैल धरून उभा राहिलो. जाणारे-येणारे पाहत होते. डाव्याने माझा हात हुंगला. मग मनगट, मग खांद्यावरचं उपरणं. उपरण्याचं टोक तोंडात धरून त्याने जरा ओढलं, सोडलं, पुन्हा हुंगलं. तो गूळ शोधत होता.

गूळ घरात होता, तुझ्या डब्यात, जाळीमागच्या फळीवर. सगुणाला हाक मारावी, तर आतून गणाजीचं रडणं ऐकू येत होतं. आपणच जाऊन आणावा, तर कासरा सोडता येत नव्हता, आणि अडकवायला कडी नव्हती. बैल माझा रिकामा हात चाटत राहिला, आणि मी तसाच उभा होतो.